ऊन कुठे, उजेड कुठे

बागेत सौर दिवे लावायचे ठरले की बहुतेक जण आधी दुकान गाठतात, नाहीतर मोबाइलवर चित्रं बघत बसतात. माझं सांगणं असं की आधी बागेत जा, आणि तेही दोनदा. एकदा भर दुपारी, एकदा रात्रीची जेवणं उरकल्यावर. दुपारी ऊन कुठे पडतं ते बघायचं, रात्री उजेड कुठे असावासा वाटतो ते बघायचं. या दोन जागा क्वचितच एक निघतात. उजेड हवा असतो आंब्याखालच्या बाकाशी आणि ऊन मिळतं गच्चीच्या कठड्यावर. ‘दिवे हौसेनं आणले, पण आठ वाजताच मंद होतात’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिथे बहुतेक वेळा दिवा वाईट नसतो, जागा चुकलेली असते.

हा दिवा चालतो कसा ते एकदा समजलं की पुढचे निर्णय सोपे जातात. वर छोटं सौर पॅनल, आत पुन्हा पुन्हा भरता येणारा सेल, खाली एलईडी आणि या तिघांना जोडणारी एक चिप. दिवसा पॅनल सेल भरतं. संध्याकाळी पॅनलवरचा प्रकाश ओसरला की त्यातून येणारं व्होल्टेज उतरतं, चिपला ते कळतं आणि ती एलईडी लावते. अंधार ओळखायला बहुतेक दिव्यांत वेगळा सेन्सर नसतो, ते काम पॅनलच करतं. जमिनीत खोचायच्या साध्या दिव्याचं पॅनल भर उन्हात साधारण वॅटचा दहावा हिस्सा वीज देतं. पाच तास स्वच्छ ऊन मिळालं तर अर्धा वॅट-तास वीज जमते, त्यातला तिसरा हिस्सा सेल भरताना आणि वापरताना वाया जातो. उरलेल्या विजेवर लहान एलईडी सहा-सात तास चालतो. म्हणजे सातला लागलेला दिवा रात्री एक-दीडपर्यंत टिकतो आणि घरच्या बागेला एवढं पुष्कळ झालं. मात्र ऊन अडीच तासच मिळालं तर तोच दिवा दहाच्या सुमाराला मिटायला लागतो.

याच हिशोबावरून खोक्यावरच्या आकड्यांची पारखही करता येते. चांगलं पॅनल एका चौरस मीटरमधून भर उन्हात सुमारे २०० वॅट वीज देतं. तळहाताएवढं, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद पॅनल त्याचा शंभरावा भाग. त्यातून फार तर दोन वॅट निघतील. तेव्हा एवढंसं पॅनल असलेल्या दिव्यावर ‘१०० वॅट’ छापलेलं दिसलं तर तो दिवा बाजूला ठेवा. वॅटपेक्षा तीन गोष्टी विचारा: पॅनल किती मोठं, सेल किती एमएएचचा आणि उजेड किती ल्युमेन. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन उजेड द्यायचा. पायवाटेच्या सौर दिव्याला दहा-वीस ल्युमेन पुरतात, झाडावर झोत टाकणाऱ्या दिव्याला शंभर ते दोनशे. याहून जास्त उजेड बागेला नकोच असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

आधी उन्हाचं बोलू, कारण ते ऋतूप्रमाणे जागा बदलतं आणि हे लक्षात राहत नाही. शून्य सावलीचा दिवस आता आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतो. मे महिन्यात कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईला मध्यावर आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत कुंपणाच्या भिंतीलगत खोचलेल्या दिव्यालाही पोटभर ऊन मिळतं. पण डिसेंबरात पुण्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. सहा फुटी भिंत तेव्हा भर दुपारी उत्तरेकडे साधारण साडेपाच फूट सावली टाकते, वीस फूट उंचीचं दुमजली घर अठरा फूट. सकाळ-संध्याकाळ या सावल्या आणखी लांबतात. म्हणून उन्हाळ्यात लख्ख लागणारा दिवा थंडीत रुसल्यासारखा वागतो. आपण बागेत बसतो ते मात्र प्रामुख्यानं दिवाळी ते होळी या काळातच. तेव्हा जागा ठरवायची ती डिसेंबरच्या उन्हावरून. पॅनलला कल देता येत असेल तर तोंड दक्षिणेकडे करून ते ३० ते ३५ अंश तिरकं ठेवा. हिवाळ्यातलं ऊन नीट झेललं जाईल आणि धूळही कमी साचेल. आणखी एक गोष्ट: पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातल्या एकावर जास्वंदीचं एक पान जरी सावली धरून बसलं, तरी सगळ्या पॅनलची वीज एकदम घसरते. फांदी छाटा किंवा पॅनल हलवा. ‘थोडीशीच सावली आहे’ असं म्हणून चालत नाही.

फ्लॅटच्या गॅलरीतल्या बागेचं गणित थोडं उलटं आहे. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीतलं तिरपं ऊन पार आतपर्यंत येतं, पण मे ते जुलै वरच्या मजल्याचा स्लॅब ते अडवतो. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळाभर थेट ऊन येतच नाही. तिथे सौर दिव्यांचा अट्टहास करू नका, घरच्या विजेवरची लहान एलईडी माळ लावा. सौर दिवा ही काही व्रतवैकल्याची गोष्ट नाही. एका खोचायच्या दिव्याची रात्रभराची वीज युनिटच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, म्हणजे विजेचं बिल हे त्याचं खरं कारण नव्हेच. खरा फायदा वेगळा. अंगण खणून वायर टाकावी लागत नाही, पाणी घालताना शॉकची भीती नाही, लहान मुलं आणि कुत्री मोकळी फिरू शकतात आणि आज इथे लावलेला दिवा उद्या उचलून तिथे नेता येतो. झाडं वाढतात, वाफे बदलतात, तशी रोषणाईही बदलता आली पाहिजे. लोडशेडिंगच्या रात्री हे दिवे चालू राहतात ही त्यातली आणखी एक सोय.

या सगळ्यावरून मी ठामपणे एक सल्ला देतो. पैसे मोजकेच खर्चायचे असतील तर पॅनल आणि दिवा एकाच डबीत असलेले दहा दिवे घेण्यापेक्षा वेगळं पॅनल आणि दोन-पाच मीटर वायर असलेले तीन दिवे घ्या. पॅनल उन्हात ठेवा, दिवा हवा तिथे ठेवा. गच्चीचा कठडा, पत्र्याची शेड, फाटकाचा खांब, विहिरीचा कठडा, कुठेही पॅनल बसवता येतं. त्यात आणखी एक फायदा आहे. पॅनलला ऊन हवं असतं, सेलला ते सोसत नाही. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हातल्या काळ्या डबीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि सेल लवकर मरतो. ज्या दिव्यात सेल पॅनलच्या पाठीला चिकटलेला नसून खालच्या दिव्यात, सावलीत असतो, तो नागपूर-चंद्रपूर-अकोल्याकडे हमखास जास्त टिकतो.

रस्त्यावरच्या नगरपालिकेच्या दिव्याचा झोत अंगणात येत असेल तर सौर दिवा लागणारच नाही, कारण पॅनलला अजून दिवसच वाटत असतो. पॅनलचं तोंड फिरवा किंवा त्या बाजूनं आडोसा करा. दोन सौर दिवे एकमेकांच्या पॅनलवर उजेड टाकत असतील तर ते लुकलुकत राहतात. तिथेही उपाय तोच.

आता सजावटीकडे वळू. सौर दिव्याचा उजेड कमी, ही त्याच्याबद्दलची नेहमीची कुरकुर. मला तर तेच त्याचं मोठेपण वाटतं. बागेला रात्री सौंदर्य येतं ते अंधारामुळे. काय दाखवायचं एवढंच ठरवून भागत नाही, काय झाकलेलं राहू द्यायचं तेही ठरवावं लागतं. सगळ्या कुंड्या, सगळे वाफे, कोपऱ्यातला पाइपाचा गुंडाळा आणि पाण्याची टाकी एकाच उजेडात न्हाऊन निघाली तर तिथे बाग उरत नाही, वाहनतळ होतो. म्हणून रात्री नेहमीच्या जागी बसा: ओट्यावर, झोपाळ्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तिथून नजर कुठे थांबावीशी वाटते अशा दोन किंवा तीन जागा निवडा. हातात टॉर्च देऊन घरातल्या कुणाला तरी तिथे उभं करा. झाडाच्या बुंध्याशी टॉर्च धरून वर झोत टाकायला सांगा, मग भिंतीकडे, मग झाडाच्या मागून. कुठला कोन खुलतो ते तिथल्या तिथे कळेल आणि एक रुपयाही खर्च होणार नाही.

या कामाला सर्वांत उत्तम झाड म्हणजे देवचाफा. थंडीत त्याची पानं गळतात आणि वाकड्यातिकड्या, जाड फांद्या उघड्या पडतात. बुंध्यापासून हातभर अंतरावर एकच झोताचा दिवा जमिनीलगत ठेवून तो किंचित तिरका वर रोखा. फांद्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर उमटतात आणि एका झाडाची दोन झाडं दिसतात. बांबू, सुपारी, अरेका पाम यांच्यासाठी युक्ती उलटी आहे. दिवा झाडाच्या मागे ठेवून भिंतीवर उजेड टाका, म्हणजे पुढची पानं काळ्या रेषांत उठून दिसतील. जांभ्या दगडाचा गडगा किंवा काळ्या दगडाची जुनी भिंत असेल तर दिवा भिंतीच्या अगदी पायाशी ठेवा. घासत वर जाणारा उजेड दगडाचा प्रत्येक उंचवटा जिवंत करतो. गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर मात्र हा प्रयोग करू नका, प्लास्टरच्या सगळ्या खोड्या दिसतात.

एक नियम कधी मोडू नका: उजेड दिसावा, दिवा दिसू नये. उघडा एलईडी थेट डोळ्यांत गेला की बाहुली आकसते आणि बाकीची बाग दिसेनाशी होते. झोताचा दिवा कुंडीच्या मागे, दगडाच्या आड, नेच्याच्या झुडपात लपवा. पायवाटेसाठी घ्यायचा तो वरून टोपी असलेला, उजेड खाली टाकणारा दिवा. वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर ओळीनं दिवे खोचायची पद्धत पडली आहे, ती सोडा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, सहा ते आठ फुटांवर एकेक असे लावा. वळणावर आणि पायरीशी मात्र एक हवाच.

रंग पिवळसर घ्या. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा २७०० ते ३००० केल्विन असं लिहिलेलं असतं. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड पानांना आजारी करतो आणि लाल माती, वीट, लाकूड यांचा रंग मारून टाकतो. रंग बदलणारे दिवे मुलांना आवडतात. एखादा त्यांच्या कोपऱ्यात असू द्या, पण बागभर नकोत.

आपल्याकडे रात्री फुलणाऱ्या झाडांची चंगळ आहे, तिचा विचार रोषणाईत व्हायला हवा. पांढरी फुलं सर्वांत कमी उजेडात दिसतात. तगर, मोगरा, कुंद, अनंत, पावसाळ्यात सोनटक्का. यांच्यापासून चार-पाच फुटांवर एक मंद दिवा असला तरी फुलं तरंगल्यासारखी दिसतात. जाई-जुई आणि पारिजातक संध्याकाळनंतर उमलतात. पारिजातकाखाली दिवा असा ठेवा की पहाटे पडणारा सडा तुडवला जाणार नाही. रातराणीला मी दिवा लावणार नाही. तिचं फूल दिसायला साधं आणि सारी मिजास वासाची, तो अंधारातच चांगला भेटतो. शेवंती आणि पॉइन्सेटिया यांच्या अगदी जवळ दिवा नको. रात्र लांबू लागल्याची खूण मिळाली की ही झाडं कळ्या धरतात; रात्री उजेड मिळत राहिला तर फुलं लांबतात. शेवंतीचे बागायतदार फुलं उशिरा यावीत म्हणून मुद्दाम दिवे लावतात. आपल्याला तर दसरा-दिवाळीला फुलं हवी असतात.

तुळशी वृंदावनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिथे तेलाची सांजवात लागत असेल तर सौर दिवा लावू नका आणि शेजारचा दिवाही पाच-सहा फूट दूर ठेवा. वातीचा उजेड इतका नाजूक असतो की बाजूला एलईडी आला की ती वात दिसतच नाही. तुळशीच्या लग्नाला मांडवाभोवती सौर माळ शोभते, तीही मंडप आवरला की काढून ठेवावी.

कोकणातल्या आणि डोंगराकाठच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिव्याभोवती किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली, बेडकांमागे साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, ते लहान आणि मातीच्याच रंगाचं. त्यामुळे दिवे दाराच्या उंबऱ्याला खेटून किंवा दगडांच्या राशीजवळ नकोत, आणि पायवाटेवर सौर दिवे असले तरी रात्री बाहेर पडताना हातात टॉर्च असायलाच हवी. सजावटीचा उजेड हा सजावटीचाच. पिवळसर उजेडाकडे निळसर उजेडापेक्षा किडे कमी येतात, हेही पिवळा रंग निवडायचं एक कारण. आणि भंडारदरा, राजमाची, सिद्धगड अशा सह्याद्रीच्या पट्ट्यात तुमचं घर असेल, तर मे अखेरपासून पाऊस स्थिरावेपर्यंत बागेतले दिवे बंद ठेवा. तो काजव्यांचा काळ. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेवर शोधतात, आपल्या दिव्यांनी त्या खुणा पुसल्या जातात.

पावसाचं काय? दिव्यावर ‘आयपी ४४’ लिहिलेलं असेल तर तो शिंतोडे सोसतो, ‘आयपी ६५’ असेल तर पाण्याचा फवारा. पण आपला पाऊस नुसता पडत नाही, चार महिने मुक्काम करतो, आणि त्या दिवसांत ढगांमुळे सेल पुरता भरतही नाही. अर्धवट भरायचा, पूर्ण रिकामा व्हायचा, या चक्रात सेलचं आयुष्य झपाट्यानं घटतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर मृग लागला की दिवे काढून ठेवणं हेच शहाणपणाचं. पुसून, एक दिवस उन्हात पूर्ण भरून, मग बटण बंद करून कोरड्या खोलीत ठेवा. महिन्या-दीड महिन्यानं उघडीप पडली की एकदा भरून घ्या. घटस्थापनेच्या सुमाराला पुन्हा बाहेर काढा. मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरच्या कोरड्या भागात एवढं करायची गरज नाही, पॅनल पुसलं तरी पुरतं. समुद्राकाठी लोखंडी दांडीचे दिवे घेऊ नका. खारी हवा दोन पावसाळ्यांत ती खाऊन टाकते. जाड प्लॅस्टिक किंवा अॅल्युमिनियम बरं.

पॅनल पंधरवड्याला ओल्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर ते वाळून पांढरा थर धरतो, म्हणून झाडांना फवारा मारताना पॅनल चुकवा. वरचा थर काचेचा असेल तर उत्तम. राळेचा थर वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडून धुरकट होतो आणि मग कितीही पुसलं तरी उपयोग नसतो.

नवा दिवा आणल्यावर आतली प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढायची आणि बटण चालू करून दोन दिवस कडक उन्हात ठेवायचा. कित्येक दिव्यांत बटण बंद असेल तर सेल भरतच नाही, आणि ‘नवाच बिघडलेला आला’ म्हणून लोक तो परत करतात.

वर्ष-दोन वर्षांनी दिवा अंधुक झाला की तो फेकू नका. पॅनल स्वच्छ आहे आणि ऊनही मिळतंय, तरी उजेड नाही, म्हणजे सेल थकला. खालचे स्क्रू उघडून बघा. साध्या दिव्यात बहुधा घड्याळातल्या सेलसारखा दिसणारा, १.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो. तस्साच, रिचार्ज होणारा घाला. घड्याळाचा किंवा रिमोटचा साधा सेल त्यात घालू नका, तो भरायचा नसतो. फुगतो, गळतो आणि चिप खातो. मोठ्या दिव्यांत लिथियमचे सेल असतात, काही ३.२ व्होल्टचे, काही ३.७ चे. ते दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा घालणं धोक्याचं. जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा आणा. थकलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. दुकानदाराला तो परत घ्यायला सांगा, नाहीतर जवळच्या ई-कचरा संकलनात द्या.